मामांच्या दुकानातली हार्ड डिस्क आणि तिचा सातबारा

गेल्या महिन्यात मिरजेला गेले होते तेव्हा मामांच्या डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर पत्रिका, हँडबिलं जुळवून छापायच्या) दुकानातला कॉम्प्युटर जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर, म्हणजे आत काही फिरत नसलेल्या वेगवान डिस्कवर, हलवला. शनिवारी संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून सुरुवात केली आणि रविवारी दुपारी जेवायच्या आत सगळं जागेवर होतं, श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) चालू, कोरल (डिझाइनचं) चालू, प्रिंटर चालू, डी ड्राइव्हमधली एवढ्या वर्षांची कामं जशीच्या तशी. मला याचा फार आनंद झालाय, कारण याच दुकानात २०११ साली याच्या बरोब्बर उलटं घडलं होतं आणि ते मी डोळ्यांनी बघितलंय. तेव्हापासून कुणीही हार्ड डिस्कला हात लावतो म्हटलं की मी आधी विचारते, आत पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, किती आहेत ते बघितलंस का? म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र लिहून ठेवतेय, कुणाला तरी उपयोग होईल.

२०११ सालची गोष्ट आधी. तेव्हा दुकानात विंडोज एक्सपीचं मशीन होतं, १६० जीबीची डिस्क, म्हणजे विंडोजमध्ये दिसायला १४९ जीबी. सी ला २० जीबी, डी ला ६०, ई ला ६९, अशी वाटणी असेंबल करणाऱ्याने करून दिलेली. सी मध्ये विंडोज आणि सॉफ्टवेअर, डी मध्ये लग्नपत्रिका, वास्तुशांती, बारसं, उत्तरकार्य, हँडबिलं, पावतीबुकं, आणि ई मध्ये फोटो, बॉर्डर, गणपतीची चित्रं, क्लिपआर्ट. ज्यांनी डीटीपीचं दुकान जवळून बघितलंय त्यांना माहीत असेल की खरी इस्टेट ती डी आणि ई मधलीच असते, कारण गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, थोरल्याच्या लग्नात केली होती तशीच पत्रिका करा, फक्त नावं बदला. ती जुनी फाईल सापडली तर दहा मिनिटांचं काम, नाही सापडली तर अर्धा दिवस.

तुळशीचं लग्न झालेलं, लगीनसराई तोंडावर, आणि मशीन स्लो झालं. मामांनी एका कॉम्प्युटर रिपेअरवाल्या मुलाला बोलावलं. तेव्हा सगळीकडे घोस्ट मारायची पद्धत होती, नॉर्टन घोस्टची सीडी घालायची, आधी तयार करून ठेवलेली एक्सपीची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, सी वर ओतायची, दहा-बारा मिनिटांत नवं कोरं विंडोज. मूळ प्रोग्रॅम न्यूझीलंडमध्ये लिहिलेला, १९९८ मध्ये सिमँटेकने घेतला, आणि आपल्याकडे तर ते क्रियापदच होऊन बसलं, 'घोस्ट मारून दे'. तर त्याच्या मेनूमध्ये लोकल म्हणून एक पर्याय यायचा आणि त्याच्या आत दोन गोष्टी एकाखाली एक असायच्या, डिस्क आणि पार्टिशन. सी वर इमेज टाकायची असेल तर पार्टिशनमध्ये जाऊन फ्रॉम इमेज. त्या मुलाने डिस्कमध्ये जाऊन फ्रॉम इमेज केलं. घोस्टने विचारलं, करू का, त्याने येस दाबलं, आणि घोस्टने जे सांगितलं ते केलं: त्या इमेजमध्ये एकच पार्टिशन होतं, म्हणून अख्ख्या डिस्कचं एकच पार्टिशन केलं. मशीन चालू झालं तेव्हा सी ड्राइव्ह १४९ जीबीची होती आणि डी, ई काहीच नव्हतं.

मी तेव्हा सांगलीला इंजिनिअरिंगला होते. संध्याकाळी पोचले तर मामा खुर्चीत बसून स्क्रीनकडे बघत होते, बोलत नव्हते. मामी म्हणाली, "अगं, सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही यांनी." त्या मुलाची पण अवस्था वाईट झालेली, त्याच्यावर मी कधीच राग धरला नाही. दोन ओळी एकाखाली एक, एका बाणाच्या बटणाचा फरक, आणि तेव्हा हे असं नीट समजावून सांगणारं कुणीच नव्हतं.

मला एवढंच माहीत होतं की त्या डिस्कवर आता एक अक्षरही नवीन लिहिलं जाऊ द्यायचं नाही. मशीन बंद केलं, डिस्क काढली, मित्राच्या घरी नेली, तिथे लिनक्सवरून तिची पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) शेवटच्या सेक्टरपर्यंत एक कॉपी दुसऱ्या मोठ्या डिस्कवर काढली आणि त्या कॉपीवर टेस्टडिस्क चालवलं. हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर हरवलेली पार्टिशन शोधतं. रात्रभर ते सेक्टर न् सेक्टर चाळत होतं आणि पहाटे त्याने दोन्ही दाखवली, डी आणि ई, बरोबर आपापल्या जागी. ई मधलं सगळं आलं. डी मधलं बरंचसं आलं पण सगळं नाही, नव्या विंडोजने स्वतःच्या फाईली पसरताना काही ठिकाणी डी च्या जागेवर लिहून टाकलं होतं, त्या पत्रिका उघडल्यावर निम्म्यातच कोरल बंद पडायचं. त्यात मामांनी हाताने काढलेल्या काही बॉर्डर होत्या, त्या गेल्या त्या गेल्याच. मामा आजही कधीतरी म्हणतात, ती मोराची बॉर्डर असती तर इथे शोभली असती.

हे असं परत मिळालं कसं, ते कळलं तेव्हा मला डिस्क म्हणजे काय हे खरं समजलं.

गावाकडच्या माणसाला सांगायचं तर डिस्क म्हणजे जमीन, पार्टिशन म्हणजे वाटण्या, आणि कुठली वाटणी कुठल्या बांधापासून कुठल्या बांधापर्यंत हे जिथे लिहिलंय तो पार्टिशन टेबल म्हणजे सातबारा आणि मोजणीचा नकाशा एकत्र. कागद फाटला म्हणून शेत कुठे जात नाही, पीकही उभं असतं, पण कुणाचं काय ते कुणाला सांगता येत नाही. आणि मग दुसरा कुणी येऊन त्यावर नांगर फिरवतो. २०११ ला आधी कागद फाटला आणि मग थोडा नांगर फिरला.

आणि हा कागद इतका छोटा असतो की विश्वास बसत नाही. जुन्या पद्धतीत, म्हणजे एमबीआरमध्ये, डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा, त्यातले पहिले ४४६ बाइट बूट करायच्या कोडसाठी, मग ६४ बाइट म्हणजे पार्टिशन टेबल, आणि शेवटचे २ बाइट सहीसारखे. ६४ बाइटमध्ये १६-१६ बाइटच्या चार ओळी, म्हणून चारच प्रायमरी पार्टिशन करता येतात. पाचवं हवं असेल तर चारातलं एक एक्स्टेंडेड करायचं आणि त्याच्या पोटात लॉजिकल ड्राइव्ह करायच्या, आणि त्या प्रत्येक लॉजिकलच्या आधी तिची स्वतःची एक छोटी नोंद असते, साखळीसारखी, एकीत पुढचीचा पत्ता. मामांच्या डी आणि ई लॉजिकल होत्या, म्हणजे त्यांच्या नोंदी पहिल्या सेक्टरमध्ये नव्हत्या, मध्येच कुठेतरी होत्या आणि वाचल्या. शिवाय एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाईली मांडून ठेवायची पद्धत, आपल्या बूट सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं, टेस्टडिस्क अशाच खुणा धरत धरत मागे येतं.

पहिला सेक्टर नुसता कॉपी करून ठेवला की झालं असं काही लोक सांगतात, आणि एमबीआरमध्ये चारच्या चार प्रायमरी असतील तर ते खरं आहे. पण लॉजिकल असतील तर त्या ५१२ बाइटमध्ये फक्त एक्स्टेंडेडची हद्द येते, आतली वाटणी येत नाही. म्हणून मी एसएफडिस्क वापरते. लिनक्समधली ही कमांड डंपच्या पर्यायाने चालवली की सगळ्या पार्टिशनची सुरुवात, लांबी, प्रकार, ओळख हे साध्या टेक्स्टमध्ये लिहून देते, दहा-बारा ओळी, आणि तीच फाईल परत तिला खायला घातली की कोऱ्या डिस्कवर तश्शीच वाटणी उभी करते. दहा ओळींची फाईल, स्वतःला मेल करून ठेवता येते, छापून कपाटात चिकटवता येते. मी मामांच्या मशीनची छापूनच चिकटवलीय.

आता या वेळचं मशीन. विंडोज १०, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, वय झालेलं, सकाळी चालू करून मामा उदबत्ती लावून, फुलं वाहून, चहा पिऊन येईपर्यंत ते तयार व्हायचं. मामा म्हणाले, "बघ की गं, एसएसडी टाकली की पळतंय म्हणतात." मी म्हटलं टाकू, पण नव्याने विंडोज टाकायचं नाही, आहे ते उचलून तिकडे न्यायचं. कारण दुकानात जुनी व्हर्जन आहेत, जुने फॉन्ट, मामांच्या बोटांत बसलेला कीबोर्ड लेआउट, बटर पेपरवर काढायची प्रिंटरची सेटिंग, हे सगळं परत जमवायला आठवडा जातो आणि तरी एखादी गोष्ट राहतेच.

मामांना विचारलं, डिस्कचे भाग किती? म्हणाले दोन, सी आणि डी. माय कॉम्प्युटरमध्ये खरंच दोनच दिसतात. डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर चार दिसले. डिस्कपार्ट नावाच्या कमांडने यादी काढली तर पाच! सुरुवातीला १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन, मग १६ एमबीचं मायक्रोसॉफ्ट रिझर्व्ह्ड जे डिस्क मॅनेजमेंट दाखवतच नाही, मग सी, मग साधारण ५०० एमबीचं रिकव्हरी, आणि शेवटी डी. इथेच बहुतेकांचं चुकतं असं मला वाटतं. लोक सी मधलं सगळं सिलेक्ट करून दुसऱ्या डिस्कवर कॉपी करतात आणि म्हणतात बॅकअप घेतला, आणि मग ती डिस्क लावली की मशीन चालूच होत नाही, कारण चालू करणारा बूट लोडर त्या १०० एमबीच्या फॅट३२ पार्टिशनमध्ये राहतो आणि त्याला ना अक्षर आहे ना तो कुठे दिसतो. फाईली सगळ्या आल्या, दाराची किल्ली तिकडेच राहिली.

नव्या मशीनमध्ये एमबीआर नसतो, जीपीटी असतो. त्यात १२८ पार्टिशनची सोय असते आणि मुख्य म्हणजे टेबलाच्या दोन प्रती असतात, एक डिस्कच्या सुरुवातीला आणि दुसरी डिस्कच्या अगदी शेवटी. ही फार चांगली सोय आहे, पण डिस्क बदलताना ती लक्षात ठेवावी लागते. लहान डिस्कची सेक्टर-सेक्टर कॉपी मोठ्या डिस्कवर केली तर ती शेवटची प्रत आता शेवटी न राहता मध्येच कुठेतरी पडते, मग जीडिस्कसारखं टूल घेऊन तिला शेवटाला न्यावं लागतं. आणि मोठीवरून लहानवर गेलं तर शेवटची प्रत कापलीच जाते.

आमचं नेमकं तेच होतं, मोठीवरून लहानवर. बाजारात ५०० जीबीची फिरती डिस्क म्हणजे ९७,६७,७३,१६८ सेक्टर, आणि आम्ही आणलेली ४८० जीबीची एसएसडी म्हणजे ९३,७७,०३,०८८ सेक्टर. विंडोजच्या भाषेत ४६५ आणि ४४७. नुसते १८-१९ जीबी कमी, डी मध्ये शंभरावर जीबी मोकळे पडलेले, तरी सरळ क्लोन (एका डिस्कची दुसरीवर थेट नक्कल) करायला गेलं की प्रोग्रॅम म्हणतो डिस्क लहान आहे आणि थांबतो. कारण तो आत किती भरलंय ते बघत नाही, शेवटचा बांध कुठे आहे ते बघतो.

तर जे केलं ते क्रमाने सांगते.

आधी डिस्कची तब्येत. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यात, दोन आकडे बघायचे, रीअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर. पेंडिंगमध्ये आकडा असेल तर डिस्कला काही सेक्टर वाचताच येत नाहीयेत, अशा वेळी नेहमीचा क्लोन करत बसायचं नाही, जीएनयू डीडीरेस्क्यूने आधी जेवढं सहज वाचता येतंय तेवढं उचलून घ्यायचं. ते वाईट भाग सोडून पुढे जातं आणि नंतर परत येऊन प्रयत्न करतं, आणि कुठपर्यंत आलंय त्याची नोंद एका मॅप फाईलमध्ये ठेवतं, म्हणून मध्येच लाइट गेली तरी तिथूनच पुढे सुरू होतं. मामांच्या डिस्कमध्ये पेंडिंग शून्य होतं. बरं वाटलं.

मग बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, चालू आहे का ते बघितलं. दुकानात नव्हता. पण हल्लीच्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याचदा एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि घरच्यांना पत्ता नसतो. अशा पार्टिशनची इमेज काढताना बाहेरच्या टूलला आत काय आहे ते कळत नाही, मग भरलेलं-रिकामं सगळं जसंच्या तसं उचलावं लागतं, आणि रिस्टोअर केल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती की आधी कागदावर उतरवून घ्या, मगच हात लावा. हे मी मामेभावाच्या लॅपटॉपला लगेच करून टाकलं.

मग फास्ट स्टार्टअप बंद. विंडोज १० मध्ये शटडाउन म्हणजे पूर्ण शटडाउन नसतं, अर्धं हायबरनेट असतं, त्यामुळे एनटीएफएस पार्टिशन उघड्या वहीसारखं राहतं आणि लिनक्समधली टूल त्याला हात लावायला तयार नसतात. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ. मग दोन्ही ड्राइव्हवर चेकडिस्क. मग डिस्क मॅनेजमेंटमधून डी ला २५ जीबीने श्रिंक केलं, म्हणजे शेवटचा बांध आत आला. नशिबाने डी सगळ्यात शेवटी होता. शेवटी रिकव्हरी असतं आणि त्याच्या आधी डी, तर डी आकसून उपयोग नसतो, मधली जागा मोकळी होते पण शेवट तिथेच राहतो, मग जीपार्टेड नावाच्या टूलने रिकव्हरीला आधी डावीकडे सरकवावं लागतं.

इमेजसाठी क्लोनझिला वापरलं. तैवानच्या नॅशनल सेंटर फॉर हाय-परफॉर्मन्स कम्प्युटिंगमधल्या लोकांनी बनवलेलं आहे, फुकट आहे, पेन ड्राइव्हवरून बूट होतं, म्हणजे विंडोज झोपलेलं असताना काम होतं आणि मध्येच कुठली फाईल बदलत नाही. दिसायला निळ्या पडद्यावरचं जुनं मेनूवालं आहे, माऊस नाही, पण त्याची मला आता सवय झालीय. त्याच्या आतलं पार्टक्लोन प्रत्येक फाइल सिस्टिम ओळखतं आणि फक्त वापरलेले ब्लॉक उचलतं. ५०० जीबीच्या डिस्कमध्ये भरलेलं २१० होतं तर २१० च उचललं. १६ एमबीच्या रिझर्व्ह्डमध्ये फाइल सिस्टिमच नाही म्हणून ते तेवढं जसंच्या तसं उचललं.

तिथे मेनूत परत तीच दोन दारं आली. सेव्हडिस्क आणि सेव्हपार्ट्स, आणि रिस्टोअर करताना रिस्टोअरडिस्क आणि रिस्टोअरपार्ट्स. मी मामांना खुर्ची ओढून जवळ बसवलं आणि दाखवलं, हे बघा, २०११ ला हेच झालं होतं. डिस्क म्हणजे टेबलासकट सगळं पुसून नव्याने, पार्ट्स म्हणजे आहे त्या वाटणीत फक्त एका वाट्यात. मामांनी चष्मा वर करून दोन्ही ओळी दोनदा वाचल्या. म्हणाले, "एवढंच होतं व्हय?" मला काय बोलावं कळेना.

आणखी एक सांगते, लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी जी नावं देतं त्यांवर कधीही विसंबू नका. पेन ड्राइव्ह कुठला आधी ओळखला गेला यावर नावं बदलतात. डिस्क ओळखायची ती मॉडेल नंबर आणि साइझवरून, आणि त्याहून बरं म्हणजे ज्या डिस्कचं काम नाही तिची केबल काढूनच ठेवायची. इमेज घेताना एसएसडी लावलीच नव्हती. रिस्टोअर करताना जुनी डिस्क काढून मामींच्या हातात दिली, मामींनी ती घरी नेऊन धान्याच्या कोठीशेजारच्या कपाटात ठेवली.

इमेज एक्स्टर्नल डिस्कवर घ्यायला दीड तास लागला. सुरू करायच्या आधी क्लोनझिला विचारतं, पूर्ण झाल्यावर इमेज रिस्टोअर करता येईल का ते तपासू का, तर हो म्हणा, आणखी वेळ गेला तरी चालेल. तयार झालेलं फोल्डर उघडून बघितलं की छान समजतं: प्रत्येक पार्टिशनच्या वेगळ्या फाईली, ४ जीबीचे तुकडे करून, आणि बाजूला छोट्या छोट्या फाईलींमध्ये जीपीटीची सुरुवातीची प्रत, शेवटची प्रत, एसएफडिस्कची टेक्स्ट फाईल, यूयूआयडींची (ओळखीच्या नंबरांची) यादी. इमेज म्हणजे नुसता डेटा नाही, कागदपत्रंही त्यात आली.

आता तुम्ही म्हणाल दोन्ही डिस्क एकाच वेळी लावून सरळ डिस्क-टू-डिस्क क्लोन का नाही केला, निम्म्या वेळात झालं असतं. झालं असतं. पण मला इमेजची परीक्षा घ्यायची होती. एक्स्टर्नलवर पडलेली इमेज कधी रिस्टोअर करून बघितलीच नाही तर ती चालते का हे ज्या दिवशी डिस्क मरेल त्याच दिवशी कळणार, आणि ते कळायची ती वेळ नव्हे. इथे आयती संधी होती, नवी कोरी एसएसडी, मूळ डिस्क घरी सुखरूप, म्हणून मुद्दाम इमेजमधूनच रिस्टोअर केलं. हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि हाच भाग जवळजवळ सगळे टाळतात, कारण रिस्टोअर करून बघायचं तर दुसरी डिस्क लागते आणि तेवढ्यासाठी डिस्क कोण विकत घेणार. मी म्हणते जुन्या लॅपटॉपची काढलेली डिस्क घ्या, कुणाची उसनी घ्या, पण एकदा करून बघाच.

रिस्टोअरच्या आधी एसएसडीवर वाटणी मी हाताने उभी केली. एसएफडिस्कची ती टेक्स्ट फाईल उघडली, त्यात वरच्या भागात डिस्कचा शेवटचा वापरता येणारा सेक्टर लिहिलेला असतो, तो जुन्या मोठ्या डिस्कचा होता, ती एक ओळ काढून टाकली. ती नसली की एसएफडिस्क समोरच्या डिस्कप्रमाणे स्वतः हिशोब करतं. बाकीच्या ओळींना हात लावला नाही, कारण त्यात प्रत्येक पार्टिशनची जीयूआयडी, म्हणजे ओळखीचा नंबर, आहे, आणि ती तीच राहिली पाहिजे. मग क्लोनझिलाला एक्स्पर्ट मोडमध्ये सांगितलं की पार्टिशन टेबल तू नवीन करू नकोस, आहे तो वापर, आणि डिस्कची साइझ तपासू नकोस. एंटर दाबताना हात जरा थांबला, खरं सांगते, जुनी डिस्क कपाटात आहे हे माहीत असूनसुद्धा.

जीयूआयडीचं एवढं का, तर मदरबोर्डच्या मेमरीत बूटची जी नोंद असते ती डिस्कवर नसतेच, आणि त्या नोंदीत ईएफआय पार्टिशनची जीयूआयडी लिहिलेली असते. ती तीच राहिली तर मशीनला डिस्क बदलल्याचं कळतच नाही. दुसऱ्याच मशीनमध्ये नेऊन लावली तर तिथे ती नोंद नसते, मग विंडोजच्या रिपेअर पेन ड्राइव्हवरून बीसीडीबूट नावाची कमांड चालवून ती करून घ्यावी लागू शकते. आणि याच कारणाने जुनी आणि नवी अशा दोन्ही डिस्क एकाच वेळी लावून मशीन चालू करायचं नाही, दोघींची ओळख एकच, विंडोज मग एकीला ऑफलाइन करून टाकतं, आणि बूट कुठल्या डिस्कवरून झालंय याचाही गोंधळ होऊ शकतो.

या ओळखीच्या नंबरांनी मला स्वतःला एकदा चांगलंच अडकवलंय. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, होमचं, म्हणजे माझ्या फाईलींचं, पार्टिशन वेगळं. त्याचा बॅकअप फाईलींचा होता, इमेजचा नव्हता. डिस्क बदलली, नवीन पार्टिशन केलं, फॉरमॅट केलं, सगळ्या फाईली परत आणल्या, एकही फाईल कमी नाही, आणि बूट करते तर दीड मिनिट नुसता थांबला आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये काळा पडदा. कारण फॉरमॅट केलं की पार्टिशनला नवा यूयूआयडी मिळतो, आणि एफएसटॅब नावाच्या फाईलमध्ये जुनाच लिहिलेला होता, सिस्टिम ९० सेकंद त्या जुन्याची वाट बघत बसली. बीएलकेआयडी ही कमांड चालवून नवा नंबर बघितला, एफएसटॅबमध्ये घातला, झालं. पाच मिनिटांचं काम, पण ते कळेपर्यंत माझी एक अख्खी रात्र गेली होती आणि दुसऱ्या दिवशी क्लायंट कॉल होता.

रविवारी सकाळी साडेनऊला एसएसडीवरून पहिल्यांदा विंडोज चालू झालं. मामा उदबत्ती लावून वळले तर डेस्कटॉप समोर. एक-एक करून बघितलं: सी, डी, रिकव्हरी चालू आहे का (रीएजंटसी म्हणून कमांड आहे, ती सांगते), श्रीलिपीत 'श्री गणेशाय नमः' टाइप करून, कोरलमध्ये २०१३ ची एक पत्रिका उघडून, बटरवर एक प्रिंट काढून. शेवटी उरलेली पाच-सहा जीबी जागा डी ला जोडून दिली. फास्ट स्टार्टअप मुद्दाम बंदच ठेवलं, एसएसडीवर त्याची गरज पण वाटत नाही.

पण इमेज म्हणजे त्या शनिवारचा फोटो, सोमवारी आलेल्या पत्रिका त्यात नाहीत. म्हणून डी मधल्या चालू कामांची रोजची कॉपी वेगळी लावून दिलीय, दुकान बंद करताना एका आयकॉनवर डबल क्लिक, बदललेल्या फाईली तेवढ्या एक्स्टर्नलवर जातात. आणि एक्स्टर्नल दोन, एक दुकानात, एक घरी, दर शनिवारी अदलाबदल. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, असा जो नियम सगळीकडे सांगितला जातो तो पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने लोकांपर्यंत नेला. दुकानदार आणि फोटोग्राफर यांची अडचण एकच असते, गिऱ्हाईकाची आठवण आपल्याकडे ठेवायला दिलेली असते. आमच्याकडे दोन माध्यमं अजून नाहीत, सगळं डिस्कवरच आहे, त्याचं काहीतरी करायचंय.

पूर्ण डिस्कची इमेज किती दिवसांनी घ्यायची यावर मामांशी थोडी चर्चा झाली. मी म्हटलं तीन महिन्यांनी. मामा म्हणाले तारीख लक्षात राहणार नाही, सण राहतो. मग ठरलं की पाडव्याला आणि खंडेनवमीला. खंडेनवमीला तसंही दुकानातलं कटिंग मशीन, प्रिंटर, कॉम्प्युटर सगळं पुसून हळदीकुंकू लावतात, त्या दिवशी काम नसतं, मशीन दीड तास इमेज घेत बसलं तरी कुणी थांबलेलं नसतं. क्लोनझिलाच्या पायऱ्या मी मराठीत एका ए-फोरवर लिहून दिल्यात, सेव्हडिस्क या शब्दाखाली लाल रेघ मारून, आणि रिस्टोअरच्या मेनूला मला फोन केल्याशिवाय जायचं नाही असं खाली लिहिलंय. तो कागद आणि पार्टिशन टेबलाचा कागद, दोन्ही कपाटाच्या दाराला आतून लावलेत, मामांच्या दुकानाच्या शॉप ॲक्टच्या सर्टिफिकेटशेजारी.